जतन, संवर्धन की नुसते टिकणे? नॅन्टकेट बेटाच्या निमित्ताने

एक वाचक अमेरिकेतील नॅन्टकेट या बेटावरच्या जुन्या बंदरगावाविषयीचा इंग्रजी लेख मराठीत आणत आहेत. त्यांनी दोन शंका विचारल्या आहेत. देवमासे मारायला जहाजे जेथून निघत, त्या बंदराला ‘देवमासेमारीचे बंदर’ म्हणता येईल का, ही पहिली शंका. ते गाव आज जुन्या रूपात उभे आहे, त्याला जतन, संवर्धन, संरक्षण आणि जीर्णोद्धार यांपैकी कोणता शब्द शोभेल, ही दुसरी.

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. ‘मासेमारी’वरून ‘देवमासेमारी’ हा शब्द सहज घडतो, पण तो ऐकताच जाळे डोळ्यांसमोर येते, आणि येथे जाळे नव्हतेच. जहाजावरून लहान होड्या उतरवायच्या, वल्ही मारीत सस्तन प्राण्याच्या अगदी जवळ जायचे आणि दोर बांधलेला भाला त्याच्या अंगात रुतवायचा, असा तो व्यवसाय होता. ही शिकार आहे. मात्र ‘देवमाशांच्या शिकारीचे बंदर’ म्हटले, तर शिकार बंदरातच होत होती असा समज होईल. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती खरोखर किनाऱ्यालगत होत असे. पुढे देवमासे दूर गेले, जहाजेही त्यांच्यामागे दूर गेली, आणि १७९१ नंतर ती दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून प्रशांत महासागरात तीन-तीन, चार-चार वर्षे राहू लागली. म्हणून ‘देवमाशांच्या शिकारीवर निघणाऱ्या जहाजांचे बंदर’ असे लांब पण नेमके लिहावे, असे मी सुचवीन.

याच लेखात मेणबत्त्यांच्या कारखान्याचा उल्लेख असणार, म्हणून एक जोड देतो. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातील मेणचट द्रव्य हिवाळ्यात गोठू देत, मग ते पोत्यांत भरून दाबाखाली पिळत. निथळलेले तेल दिव्यांसाठी जाई आणि उरलेल्या पांढऱ्या घट्ट भागाच्या मेणबत्त्या होत. १८४७ साली बांधलेल्या अशा एका कारखान्यात १९३० पासून तेथील संग्रहालय आहे, आणि पिळण्याची प्रचंड लाकडी तरफ त्यात अजून पाहायला मिळते. भाषांतरात तिला ‘घाणा’ म्हणण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. घाणा फिरतो, ही तरफ वजनाने दाबते. ‘दाबयंत्र’ हा साधा शब्द येथे पुरे.

आता दुसरी शंका, आणि माझ्या मते खरा विचार येथेच करावा लागतो. ‘जतन’ हा शब्द संस्कृत ‘यत्न’पासून आला आहे, ‘यात्रा’चे ‘जत्रा’ आणि ‘योगी’चे ‘जोगी’ झाले, तसेच आरंभीच्या ‘य’चे येथे ‘ज’ झाले. म्हणजे प्रयत्न हा या शब्दाच्या पोटातच आहे. आजी लुगडे जतन करते तेव्हा ते वर्षातून एकदा काढते, उन्हात घालते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. ट्रंकेच्या तळाशी विसरून राहिलेले लुगडे जतन केलेले नसते, ते नुसते राहिलेले असते.

नॅन्टकेटचा इतिहास पाहता त्यातील मोठा काळ दुसऱ्या लुगड्याचा आहे. १३ जुलै १८४६ च्या रात्री मुख्य रस्त्यावरील एका टोप्यांच्या दुकानातून आग पसरली, धक्क्यांवर साठवलेल्या तेलाने ती भडकली, आणि गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. बंदराच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या उथळ पट्ट्यामुळे भरलेली मोठी जहाजे आत येऊ शकत नव्हतीच. धंदा मुख्य भूमीवरील, खोल पाण्याच्या आणि रेल्वेने जोडलेल्या न्यू बेडफर्ड बंदराकडे सरकला, १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याने तरुण माणसे ओढून नेली, आणि १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागल्यावर दिव्यांना दुसरे तेल स्वस्तात मिळू लागले. शेवटचे शिकारी जहाज १८६९ मध्ये बंदराबाहेर पडले. १८४० साली ९,००० हून अधिक असलेली वस्ती १८७५ पर्यंत सुमारे ३,२०० वर आली. जुनी घरे पाडून नवी बांधायला लागणारा पैसा गावात राहिला नाही, म्हणून जुनी घरे उभी राहिली. या पन्नास-साठ वर्षांसाठी ‘जतन’ शब्द वापरू नये. ‘गाव टिकले’, ‘गाव वाचले’ किंवा ‘गावाने तग धरला’ हेच खरे मराठी आहे. मूळ लेखात या काळासाठीही जतनाच्या अर्थाचाच शब्द असला, तरी मराठीने तेथे क्रियापद बदलावे, कारण आपल्या शब्दाला कर्ता लागतो आणि त्या काळात तसा कर्ता नव्हता.

कर्ता पुढे आला. १८९४ मध्ये गावकऱ्यांनी ऐतिहासिक संस्था स्थापन केली, आणि १९५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याने जुने गाव ऐतिहासिक क्षेत्र ठरले; १९७० च्या दशकाच्या आरंभी ही मर्यादा संपूर्ण बेटापर्यंत वाढवली गेली. तेव्हापासून रस्त्यावरून दिसणारी खिडकी, कुंपण किंवा दाराचा रंग बदलायचा झाला, तरी या क्षेत्रासाठी नेमलेल्या आयोगाची संमती घ्यावी लागते. भिंतींवर सीडरची पातळ फळकुटे माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक ठोकलेली असतात. नवी असताना ती पिवळसर दिसतात आणि खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत करडी होतात. हा करडा रंग कोणी देत नाही, पण त्याच्या जागी दुसरा येऊ नये यासाठी माणसे जागरूक राहतात. जतन ते हेच. कायद्याच्या कलमापुरते बोलायचे असेल, तर ‘संरक्षण’ योग्य; आपणही ‘संरक्षित स्मारक’ म्हणतोच.

‘संवर्धन’ मात्र मी गावाला लावणार नाही. शासकीय मराठीत ‘जतन व संवर्धन’ ही जोडी इतकी रुळली आहे की किल्ल्यांच्या फलकांवर दोन्ही शब्द एका दमात येतात. पण ‘वृध्’ धातूत वाढ आहे: पशुसंवर्धन, वनसंवर्धन, मत्स्यसंवर्धन. नॅन्टकेटमधील नियम घरांची वाढ आवरण्यासाठी आहेत. बेटावरची झुडपी माळराने राखण्याच्या कामाला हा शब्द खुशाल वापरावा, कारण तेथे जिवंत गोष्ट वाढवायची आहे. ‘जीर्णोद्धार’ला आपल्याकडे देवळाचा सुगंध आहे, तरी बेटावरील १६८६ मधील ‘जेथ्रो कॉफिन’ नावाच्या घरावर १९८७ मध्ये वीज कोसळल्यानंतर जे काम झाले, त्याला तो शब्द मला परका वाटत नाही. १८४६ च्या आगीनंतर विटांची जी दुकाने उठली, ती मात्र ‘पुनर्बांधणी’.

लेखात बेटावरील सँकटी दीपगृहाचा भाग असेल, तर एक सावधगिरी बाळगावी. १८५० मध्ये बांधलेले हे दीपगृह समुद्राने कडा पोखरल्यामुळे २००७ मध्ये उचलून सुमारे १२० मीटर आत नेण्यात आले. मराठीत ‘घर हलवले’ म्हणजे आपण बिऱ्हाड हलवतो, घर जागीच राहते. म्हणून ‘दीपगृह हलवले’ एवढ्यावर न थांबता ‘दीपगृहाची इमारत अखंड उचलून आतल्या बाजूला नेली’ असे लिहावे.