लेकीच्या परसातली राखाडी खार

प्रश्न : सर, मुलगी-जावई इंग्लंडात, नॉर्थम्बरलंडमधल्या हेक्सम गावी असतात. महिनाभर राहून आले. मुलीने मागच्या झाडाला दाण्यांची जाळी टांगली होती. एक राखाडी खार रोज यायची. मला इंदिरानगरच्या घराची आठवण व्हायची. एकदा शेजारचे आजोबा येऊन म्हणाले, जाळी उतरवा. त्या खारींना पिंजऱ्यात धरून मारतात म्हणे! मुक्या जीवाला चार दाणे घातले तर बिघडलं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, तरी मारण्याची गोष्ट निघाली की माझाही जीव खालीवर होतो. पण आजोबांचं खरं आहे.

तिथली मूळची खार तांबडी. कानांवर केसांचे झुपके, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. राखाडी मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ साली चेशायर परगण्यात शोभेसाठी म्हणून ती सोडली, पुढे इतरांनीही हौस भागवली. आता ब्रिटनमध्ये राखाडी सुमारे २७ लाख आणि तांबड्या २ लाख ८७ हजारांच्या घरात, त्याही बहुतेक स्कॉटलंडात.

राखाडी तांबडीला चावून मारत नाही. ती दांडगी, ओकची फळं हिरवी असतानाच फस्त करते. तांबडीला ती नीट पचतही नाहीत. त्याहून वाईट म्हणजे खारींची देवी. तिचा विषाणू राखाडी अंगावर वागवते, तिला सहसा काही होत नाही. तांबडीच्या मात्र डोळ्यांभोवती, तोंडावर, पायांवर फोड येतात. खाता येत नाही आणि दोनेक आठवड्यांत ती मरते. हेक्समकडे अजून दोन्ही जाती आहेत. एकाच जाळीवर दोघींनी तोंड लावलं की रोग पसरायला आयती जागा मिळते. तुमचे चार दाणे नडतात ते इथे.

वेल्समधल्या अँगलसी बेटावर १९९८ मध्ये जेमतेम चाळीसेक तांबड्या उरल्या होत्या. पिंजरे लावून राखाडी हटवल्यावर त्या सातशेच्या वर गेल्या. आयर्लंडमध्ये वेगळंच घडलं. पाइन मार्टिन नावाचा, आपल्या उदमांजरासारखा झाडावर चढणारा शिकारी तिथे पुन्हा वाढला आणि राखाडी घटल्या. तांबडी त्याच्याबरोबर हजारो वर्षं राहिलेली. राखाडीला त्याची ओळखच नव्हती. मला हा उपाय पिंजऱ्यापेक्षा आवडतो, पण मार्टिन काही सगळीकडे नाही.

राखाडीला खलनायक करू नका. आपल्या गोदावरीतली जलपर्णी तरी कुठे स्वतःहून आली? तीही दक्षिण अमेरिकेतून माणसानेच आणली. आणि आपली पाच पट्ट्यांची खार ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १८९८ मध्ये सोडलेली. तिथे उपरी तीच!

मुलीला सांगा, जाळी उतरवून जंतुनाशकाने धुवायची, राखाडी दिसली की तांबड्या खारींसाठी काम करणाऱ्या तिथल्या गटाला कळवायचं. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं. त्यांनी चालेल म्हटलं तरच जाळी पुन्हा टांगायची, तीही वरचेवर धुऊन. नुसते शेंगदाणे नकोत, हेझलनट बरे. खारवलेलं तर काहीच नको.

तांबडी आली तर फोटो पाठवा. माझ्या गंगापूर रोडच्या घरचे पेरू अर्धे कुरतडून टाकणारीचा मी पाठवतो.