रेशीम अळीच्या उन्हाळ्याच्या बॅचला रोग आला कुठून?

प्रश्न: नमस्कार, आमचं गाव दारव्हा तालुक्यात, दीड एकर तुती आहे आणि टिनाचं शेड. एप्रिलच्या बॅचमधी चौथी कात होईपर्यंत अळी मस्त होती, मग शेड तापायला लागलं अन् अळ्या पिवळ्या होऊन फुगल्या, रॅकच्या कडेकडेनं फिरायच्या, हात लावला की दुधासारखं पाणी निघे. निम्मी बॅच गेली. मोठे भाऊ म्हणतात अंडीपुंजच (बॅचसाठी विकत घेतलेली अंडी) खराब होते, पण त्याच लॉटचे शेजाऱ्यांनी घेतले त्यांची बॅच चांगली निघाली. नुसत्या गरमीनं रोग येते का?

उत्तर: भाऊ, लक्षणं सरळसरळ ग्रासरी या रोगाची आहेत आणि तो व्हायरसनं होतो, गरमीनं व्हायरस तयार होत नाही. तो तुमच्या शेडमध्येच असणार, आधीच्या बॅचच्या मेलेल्या अळ्यांतून जमिनीत, रॅकवर, धुळीत पडलेला, अन् तिथं तो वर्षानुवर्षं टिकतो. गरमीचं काम एवढंच की अळीची ताकद काढून घेते. मोठ्या अळीला २४-२५ डिग्री लागते, आपल्याकडं एप्रिलात बाहेरच ४२-४३, त्यात टिन, त्यात दुपारी तोडलेला सुकलेला पाला, त्यात रॅकवर दाटी, मग जो व्हायरस एरवी दोनचार अळ्या मारून थांबला असता तो अख्खा रॅक खातो. फुटलेल्या अळीचं ते पांढरं पाणी पाल्यावर सांडते, तोच पाला बाकीच्या खातात. म्हणून कडेला फिरणारी अळी दिसली की फुटायच्या आधी उचलायची, चुन्याच्या पाण्यात टाकून खोल पुरायची, उकिरड्यावर फेकू नका अन् कोंबड्यांना तर बिलकुल घालू नका.

अंडीपुंजांबद्दल मला मोठ्या भावाचं पटत नाही. अंड्यातून येणारा मोठा रोग म्हणजे पेब्रिन, त्याच्यासाठी अंडी घालणारी पतंगाची मादी मायक्रोस्कोपखाली तपासायची पद्धत पाश्चरनं फ्रान्समध्ये १८६५ नंतर बसवली, आजही तेच करतात. अन् त्यात दुधासारखं पाणी निघत नाही.

आता शेड. २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर अन् ३० ग्रॅम विझवलेला चुना १० लिटर पाण्यात, भिंती, रॅक, फरशी चिंब भिजेल असं फवारा, बॅचच्या आधीही आणि नंतरही. पावडर ताजी पाहिजे हो, उघडं पोतं वर्षभर कोपऱ्यात पडलेलं असलं तर त्यातला क्लोरीन केव्हाच उडाला, अन् लोक म्हणतात फवारलं तरी रोग आला!

टिनावर तुराट्या किंवा कडब्याचा थर द्या, खिडक्यांना ओले पोते लावा पण हवा खेळती ठेवा. पाला पहाटेच तोडून ओल्या गोणपाटात ठेवा. मे महिन्यात मात्र मी तरी बॅच घेऊ नका म्हणेन, तेवढ्यात शेड धुऊन घ्या.

हे ओले पोते पावसाळ्यात काढून टाका बरं, तेव्हा दमटपणानं मस्कार्डिनची बुरशी येते, अळी खडूसारखी पांढरी अन् कडक होते, तिथं उलट कोरडं ठेवायचं, कातीच्या वेळी चुना भुरभुरायचा.