साखर आणि बटर कमी केलं की ओट बार मोडतात, काय करावं?

फ्लॅपजॅकमध्ये (म्हणजे भाजलेल्या ओट बारमध्ये) साखरेचा पाक गोडीसोबत चिकटपणाही देतो, म्हणून तो नुसता कमी करून चालत नाही. त्याच्या जागी दुसरं काहीतरी चिकट हवंच. मी २०० ग्रॅम रोल्ड ओट्सना २ पिकलेली केळी, १०० ग्रॅम भिजवून वाटलेला खजूर आणि ३ मोठे चमचे पीनट बटर घेते. मूठभर ओट्स मिक्सरमधून फिरवून घातले की मिश्रण छान धरून राहतं. ट्रेमध्ये घट्ट दाबा (हे फार महत्त्वाचं!) आणि १८० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. केळ्यामुळे बार मऊच राहतात, फ्रीजमध्ये ठेवा. आणि मध घातला तरी तीही साखरच, हे कृपया लक्षात असू द्या.