वाचकांचे प्रश्न : सोया मेणबत्तीची काजळी आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’चा दावा

प्रश्न : दिवाळीच्या प्रदर्शनात एका गृहउद्योजिकेकडून काचेच्या पेल्यातील सुगंधी सोया मेणबत्त्या घेतल्या. वेष्टनावर ‘१०० टक्के नैसर्गिक, धूररहित’ असे छापले आहे; परंतु पेल्याची कड काळी पडली, मधोमध खड्डा होऊन कडेचे मेण तसेच राहिले आणि वर पांढरे डाग उमटले. आमची फसवणूक झाली का? आणि हे मेण आमच्याकडच्या सोयाबीनचे असते का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपण सांगितलेल्या तक्रारींवरून फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. पांढरे डाग तर वनस्पतिजन्य मेणाचे लक्षणच आहे. थंड होताना त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि ते पृष्ठभागावर दिसतात. जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही.

खोट आहे ती वेष्टनावरील मजकुरात. सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असते, आणि निकेलच्या सान्निध्यात त्या तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडवून, म्हणजे ज्या प्रक्रियेने वनस्पती तूप तयार होते त्याच प्रक्रियेने, ते घट्ट केले जाते. खनिज तेलापासून निघणाऱ्या पॅराफिनच्या तुलनेत हा स्रोत शेतातला आणि पुन्हा पिकवता येण्याजोगा आहे, म्हणून ‘वनस्पतिजन्य’ म्हणणे रास्त आहे. मात्र त्यात बहुधा मेणाच्या वजनाच्या ६ ते १० टक्के सुगंधी द्रव्य मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा कृत्रिम असते, हे ‘१०० टक्के नैसर्गिक’ छापणाऱ्याने विसरू नये. ‘सोया ब्लेंड’ असे लिहिले असेल, तर पॅराफिनचे प्रमाण किती, हे अवश्य विचारावे.

‘धूररहित’ हा दावा तर कोणत्याच मेणबत्तीला शोभत नाही. वात लांब राहिली किंवा ज्योत पंख्याखाली फडफडली, की ज्वलन अपुरे होते आणि काजळी धरते, मग मेण सोयाचे असो वा पॅराफिनचे. प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी वातीचा जळका शेंडा कापून ती सुमारे ५ मिलिमीटर ठेवावी आणि पंखा बंद करावा. निम्मी तक्रार तेवढ्यानेच मिटेल. मधला खड्डा पडतो तो बहुतेकदा पहिल्या वेळी घाईने विझवल्यामुळे. वितळलेले मेण पेल्याच्या कडेपर्यंत पोहोचेतो ज्योत तेवू द्यावी लागते, आणि ७ सेंटिमीटर रुंद पेल्याला त्यासाठी जवळजवळ तीन तास लागतात. सलग चार तासांपेक्षा अधिक मात्र जाळू नये. आता पडलेला खड्डा भरून काढायचा असेल, तर पेल्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमची फॉइल कडेने दुमडून मध्ये मोठे भोक ठेवावे. आतली उष्णता कडेचे मेण वितळवते. फॉइल तापते, तेव्हा मेणबत्तीजवळून हलू नये. एवढे करूनही खड्डा पडतच राहिला, तर पेल्याच्या मानाने वात बारीक आहे असे समजावे आणि ते उत्पादिकेला कळवावे. पेल्याच्या रुंदीनुसार योग्य वात शोधणे हे या कामातले खरे कसब आहे. त्यावर आणि ओतल्यानंतर एक-दोन आठवडे मेणबत्ती मुरत ठेवण्यावर जो वेळ जातो, त्याचे मोल हाताने बनवलेल्या मेणबत्तीच्या किमतीत धरलेले असते.

लातूरच्या सोयाबीनविषयी सांगायचे तर, मेण सोयाचे आहे एवढ्यावरून ते इथल्या शेतातले ठरत नाही. आपल्याकडील काही कारागीर अमेरिकी बनावटीचे मेण वापरतात, आणि तिथले सोयाबीन बहुतांशी जनुकीय बदल केलेल्या वाणांचे असते. भारतात अशा वाणांच्या लागवडीला परवानगी नाही. मेणाच्या मूळ पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि देश छापलेला असतो. पुढच्या खरेदीच्या वेळी तो दाखवण्याची विनंती करावी. प्रामाणिक कारागिराला त्यात वावगे वाटणार नाही.