पाच वेळा ‘हळूहळू’

आमच्या शेजारची एक मुलगी भाषांतराची कामं घेते. परवा वही घेऊनच आली. “काका, स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, डॉडल, लिंगर, मोझी... कोशात सगळ्यांपुढे ‘हळू चालणे’च दिलंय. एका पानात पाच वेळा ‘हळूहळू’ झालं माझं. मराठीत शब्दच नाहीत का? आणि स्लो डाउन आणि स्लो अप यांत फरक काय?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: फरक नाही. डाउन म्हणा नाहीतर अप, पाय ब्रेकवरच जातो; डाउन जास्त चालतं एवढंच. मराठीत मात्र कोणाला सांगतोय त्यावर शब्द ठरतो. रिक्षावाल्याला आपण ‘जरा हळू घ्या’ म्हणतो, जेवणाऱ्याला ‘सावकाश होऊ द्या’, धडपडणाऱ्याला ‘दमानं’. पावसाचा जोर ओसरतो, धंदा मंदावतो. डिसेलरेटला शाळेच्या पुस्तकात ‘मंदन’ आहे, पण ते तिथेच बरं. लक्ष्मी रोडवर रिक्षावाल्याला ‘मंदन करा’ म्हणून बघावं एकदा.

पहिल्या प्रश्नात खरी गंमत आहे, कारण ही इंग्रजी क्रियापदं एकाच कुळातली नाहीत. अँबल ही मुळात घोड्याची चाल. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जोडीनं उचलायचे, मग दुसऱ्या बाजूचे. स्वाराला हादरे बसत नाहीत. शब्द लॅटिनमधल्या ‘चालणे’वरून फ्रेंचमार्गे आला. त्याच मुळातून अँब्युलन्सही आली. सैन्याबरोबर फिरणाऱ्या इस्पितळाला फ्रेंच लोक ‘चालतं रुग्णालय’ म्हणत, त्यातलं ‘चालतं’ तेवढं उरलं. म्हणजे सायरन वाजवत सुटलेली गाडी ही रमतगमत चालणाऱ्या घोड्याची सख्खी बहीण.

घोड्याचीच दुसरी चाल कँटर. थॉमस बेकेट या आर्चबिशपचा 1170 साली इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये खून झाला, पुढे तिथे यात्रा सुरू झाली. यात्रेकरूंचे घोडे ज्या बेतशीर दौडीनं जात, असं मानलं गेलं, ती ‘कँटरबरी गॅलप’. पुढे नुसतं कँटर. आळंदी आणि देहूच्या पालख्या आषाढीच्या वाटेवर पुण्यात मुक्काम करतात, तेव्हा मला हा शब्द हटकून आठवतो. वारीच्या चालीवरून आपण असं क्रियापद का केलं नाही, कोण जाणे.

सॉन्टरबद्दल एक सुरस कथा सांगतात: पवित्र भूमीला, फ्रेंचमध्ये ‘सँत तेर’ला, निघालोय म्हणत भटकणारे ते सॉन्टरर. कथा छान, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. मिएंडरचं, म्हणजे वळणं घेत भटकण्याचं, मूळ मात्र पक्कं आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या एका नागमोडी नदीचं ते जुनं नाव.

आता मराठी. इंग्रजी चालण्याची ढब क्रियापदातच कोंबतं आणि दिशा बाजूच्या ‘इन’, ‘आउट’वर सोपवतं. मराठीचं बरोबर उलटं. आला की गेला, चढला की उतरला, हे क्रियापद सांगतं. ढब त्याच्या आधी येते: रमतगमत आला, डुलत डुलत गेला, पाय ओढत जिना चढला. म्हणून अँबलला एकशब्दी क्रियापद शोधणं म्हणजे फ्रिजमध्ये चपला शोधणं. जोडी शोधायची.

एकेकटी क्रियापदंही आहेत, पण गंमत बघा, त्यांतली बरीच तक्रारीच्या सुरातली. रेंगाळणे, रखडणे, घुटमळणे. फाइल रखडते. मूल शाळेतून येताना रेंगाळतं, हे डॉडलच्या अगदी जवळचं. घुटमळणाऱ्याच्या मनात काहीतरी अडलेलं असतं: सांगू की नको, जाऊ की थांबू. तुळशीबागेत खरेदी उरकल्यावरही एखादी बाई कानातल्यांच्या गाळ्यापाशी पुन्हा येऊन उभी राहते आणि नवरा दोन पिशव्या घेऊन पुढे निघून गेलेला असतो, तेव्हा ती घुटमळते. तो पुढे जाऊन नुसता रखडतो. लिंगरला मात्र रेंगाळणेच चालेल. अत्तराचा वास रेंगाळतो तेव्हा त्यात तक्रार नसते.

स्ट्रोलला फेरफटका. जेवणानंतरचा असेल तर शतपावली, आणि या शब्दाला इंग्रजीनं शोधत बसावं.

तिचं वाक्य शेवटी असं झालं: “दोघं रमतगमत गल्लीच्या टोकाला आले, पुस्तकांच्या दुकानापाशी रेंगाळले आणि आत शिरावं की नाही म्हणून दारातच घुटमळले.” एकही ‘हळू’ नाही.

राहिला मोझी. हा अमेरिकन शब्द, एके काळी चक्क ‘सटकणे’ या अर्थाचा, आता निवांत निघण्याचा. तिथे तिनं लिहिलं होतं, “चला, निघूया हळूहळू.” आपल्याकडे हे म्हटल्यावर पुढे दारात अर्धा तास गप्पा होतात. तो एक ‘हळूहळू’ मी तसाच ठेवायला सांगितला.