‘उपाय संपले’ की ‘दाद मागून झाली’?

विचारणा अशी आहे: अमेरिकेत ज्यांच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई चालू आहे, अशा मराठी कुटुंबांसाठीच्या माहितीपत्रकात ‘एक्झॉस्ट ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रेमेडीज’ या तिथल्या कायद्यातल्या शब्दप्रयोगाला ‘प्रशासकीय उपाय संपल्यावर’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते चालवू नये. मराठीत उपाय ‘संपले’ की माणूस हात टेकतो. डॉक्टरांच्या तोंडून ‘आता उपाय संपले’ ऐकल्यावर काय समजायचे ते घरचे समजतात. कायद्याला इथे नेमके उलटे सांगायचे आहे: खात्याच्या आत जिथे दाद मागता येते तिथे आधी मागा, म्हणजे न्यायालय तुमचे ऐकेल. मुदती अंगावर धावून येत असताना आधीच धास्तावलेल्या माणसाने चुकीचा अर्थ घेतला, तर तो पुढचा अर्जच करणार नाही.

म्हणून ‘दाद’ घ्या. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच न्याय. मी असे लिहीन: ‘खात्याकडे हक्काने मागता येणारी सर्व दाद मागून झाल्यावर.’

यातला ‘हक्काने’ गाळू नका, तो कायद्याच्या मजकुरातच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ‘सांतोस-झकारिया विरुद्ध गार्लंड’ या प्रकरणात त्याच्याच आधारे ठरवले, की बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे (इमिग्रेशन कोर्टाच्या निकालावरचे अपील ऐकणारे, खात्यातलेच मंडळ) फेरविचाराचा अर्ज करणे बंधनकारक नाही, कारण तो मान्य करणे बोर्डाच्या मर्जीवर असते. बोर्डाकडचे अपील मात्र हक्काचे, त्यामुळे ते चुकवून चालत नाही.

‘प्रशासकीय’ हा शब्द नुसता ठेवला तर वाचक फसण्याची भीती जास्त. तिथल्या इमिग्रेशन कोर्टात न्यायाधीश असतो, सुनावणी होते, वकील बोलतात. साहजिकच माणूस म्हणेल, ‘कोर्टात तर जाऊन आलो!’ पण हे कोर्ट आणि वरचे अपील बोर्ड, दोन्ही सरकारच्या न्याय खात्याचा भाग आहेत, स्वतंत्र न्यायपालिकेचा नाहीत. पत्रकात ‘खात्याचे इमिग्रेशन कोर्ट’ असे स्पष्ट लिहा. न्यायपालिकेची पायरी त्यानंतर येते: विभागीय अपील न्यायालय, आणि तिथे अंतिम आदेशापासून ३० दिवसांत अर्ज.

‘दाद मागून झाल्यावर’ यानेही एक गोष्ट निसटते. नुसते अपील केलेले पुरत नाही. जो मुद्दा न्यायालयात मांडायचा, तो आधी बोर्डापुढे मांडलेला असावा लागतो. मायदेशी छळ होईल या भीतीचा मुद्दा बोर्डापुढे काढलाच नाही आणि पुढे न्यायालयात काढला, तर सरकारी वकील हरकत घेतो आणि ती बहुधा टिकते. हे कोणत्याही एका शब्दात मावणार नाही. पत्रकात त्यासाठी वेगळे वाक्य द्या, ठळक अक्षरांत.

‘डिपोर्टेशन’साठी ‘तडीपारी’ टाळा. आपल्याकडे तडीपार होतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली, जिल्ह्याच्या किंवा ठरवून दिलेल्या भागाच्या बाहेर; देशाबाहेर नव्हे. साम्य हवेच असेल तर ते अपिलात आहे: त्या आदेशाविरुद्धही कलम ६० प्रमाणे ३० दिवसांत राज्य सरकारकडेच अपील करायचे असते.