इटलीतलं बोलोन्या एका दिवसात पायी आणि कमी पैशात कसं बघायचं?

बस-टॅक्सीचा विचारच करू नका, बोलोन्या चालायचंच शहर आहे, स्टेशनवरून पियाझ्झा माज्जोरे हा मुख्य चौक वीसेक मिनिटांवर आणि वाटेत बहुतेक सगळीकडे कमानींचे पोर्टिको, म्हणजे ऊन असो पाऊस असो डोक्यावर छप्पर असतंच. 2021 मध्ये युनेस्कोने या पोर्टिकोंना जागतिक वारसा म्हणून घेतलंय.

चौकातल्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये नक्की जा, तिथे जमिनीवर 1655 ची, खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने आखलेली जवळपास 67 मीटर लांब रेघ आहे, छताजवळच्या भोकातून उन्हाचा कवडसा बरोबर माध्यान्हीला तिच्यावर येतो. उन्हाळ्यात तिथली माध्यान्ह घड्याळात सव्वा वाजायच्या सुमारास होते, तेव्हा जा, मी तर बघतच राहिले! शेजारच्या सालाबोर्सा लायब्ररीत काचेच्या फरशीखाली रोमन काळाचे अवशेष दिसतात.

संध्याकाळी पोर्ता सारागोत्सा या जुन्या वेशीपासून टेकडीवरच्या सान लुका चर्चला चढा, 666 कमानी, चारेक किलोमीटर, शेवटचा चढ दमवतो पण पाय साथ देत असतील तर हे सोडू नकाच. बाटली सोबत ठेवा, नळाचं पाणी पितात तिथे. जेवायला चौकातली हॉटेलं टाळा, युनिव्हर्सिटीकडच्या गल्ल्यांत स्टुडंट लोक खातात तिथे पिझ्झाचा तुकडा किंवा पियादिना (सारण भरलेली पोळीसारखी रोटी) घ्या, उभ्याउभ्या पोट भरतं.